टाईप सात-सी पाणबुडीचं स्केल मॉडेल: जोडणीपासून गंजापर्यंत

किटचा डबा उघडण्याआधी एका कागदावर दोन गोष्टी लिहून ठेवा: कोणती बोट आणि कोणता दिवस. टॉवर (डेकच्या मधोमध उभा असलेला मनोरा) कुठला लावायचा, डेकवरची तोफ ठेवायची की काढायची, रंग कुठला, गंज किती, असे पुढे येणारे बहुतेक प्रश्न या दोन ओळींवरून सुटतात. या ओळी न लिहिता सुरुवात केली की शेवटी सगळीकडे थोडा थोडा गंज लागतो आणि मॉडेल कुठल्याच खऱ्या बोटीसारखं दिसत नाही.

हा लेख पहिल्यांदाच पाणबुडी करणाऱ्यांसाठी आहे. आधी एखादं विमान किंवा रणगाडा जोडलेला असेल तर उत्तम, नसेल तरी अडणार नाही. उदाहरणासाठी दुसऱ्या महायुद्धातली जर्मन टाईप सात-सी घेतली आहे. 1940 ते 1945 या काळात या प्रकारच्या 568 बोटी नौदलात दाखल झाल्या. त्यामुळे फोटो आणि आराखडे भरपूर सापडतात, किट सहज मिळतात आणि भागांची संख्याही नवख्याला झेपेल इतकी असते. खरी बोट 67.1 मीटर लांब. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आपली आयएनएस कलवरी 67.5 मीटर आहे, म्हणजे दोघींची लांबी जवळपास सारखीच.

स्केलचा निर्णय घरातली जागा पाहून घ्या. 1:350 मध्ये ही बोट 19 सेंटिमीटरची होते, 1:144 मध्ये साधारण साडेसेहेचाळीस, 1:72 मध्ये 93 सेंटिमीटर आणि 1:48 मध्ये तब्बल एक मीटर 40. पहिल्या बोटीसाठी 1:144 घ्या असं मी आग्रहाने सांगेन. रेव्हेल कंपनीचं या स्केलचं किट टेबलावर मावतं, साध्या एअरब्रशने रंगवता येतं आणि वेदरिंगला, म्हणजे गंज, मीठ, झीज रंगवून दाखवायला, पुरेसा पृष्ठभाग देतं. 1:72 चं किट देखणं आहे, पण मीटरभर लांबीची बोट रंगवताना धरायची कुठे आणि वाळवायची कुठे, हेच मोठं काम होऊन बसतं.

आपल्याकडे पुष्कळ जणांना नेताजींची पाणबुडी करायची असते. सुभाषबाबू फेब्रुवारी 1943 मध्ये कीलहून ज्या यू-180 मधून निघाले आणि एप्रिलअखेर मादागास्करजवळ जपानी आय-29 वर गेले, ती यू-180 टाईप नऊ-डी1 होती. आकाराने बरीच मोठी, वेगळ्या बांधणीची. सात-सीच्या किटवर यू-180 लिहून ती होत नाही.

बोट आणि दिवस

मी इथे यू-96 धरून चालतो, दिवस 1941 च्या डिसेंबरातला, अटलांटिकमधली गस्त संपवून फ्रान्सच्या सँ-नाझेर तळावर परत येतानाचा. या बोटीच्या टॉवरवर हसऱ्या करवतमाशाचं चिन्ह होतं आणि कप्तान होता हाइनरिश लेमान-विलेनब्रोक. त्या शरद ऋतूतल्या गस्तीवर एक युद्धवार्ताहर बरोबर होता. त्याने समुद्रावर काढलेले फोटो आज पाहायला मिळतात आणि वेदरिंगसाठी ते फार मोलाचे आहेत.

तारखेवरून लगेच काय काय ठरलं बघा. 1941 म्हणजे टॉवरमागचा कठड्याचा सज्जा लहान आणि त्यावर एकच 20 मिमी विमानविरोधी तोफ. टॉवरपुढे डेकवर 8.8 सेंटिमीटरची तोफ. पुढे विमानांचा धोका वाढला तसा मागचा सज्जा मोठा झाला, त्यावर जास्त तोफा आल्या, आणि 1943 पासून अटलांटिकमधल्या सात-सी बोटींच्या डेकवरची 8.8 काढून टाकली गेली. किटमध्ये दोन प्रकारचे भाग असतील तर कुठले वापरायचे हे इथेच ठरतं. आणि सहाएक आठवडे समुद्रात काढून आलेली बोट आहे, म्हणजे भरपूर गंज, मीठ आणि काजळी. तीच बोट गोदीतून नव्या रंगात निघतानाची केली असती तर जवळपास स्वच्छ ठेवावी लागली असती.

आज उभी असलेली एकमेव सात-सी जर्मनीत कीलजवळ लाबो इथे आहे, यू-995. ती सात-सी/41 या सुधारित प्रकारची. युद्धानंतर नॉर्वेच्या नौदलाने ती वापरली, पुढे जर्मनीला परत दिली आणि 1972 पासून ती संग्रहालय म्हणून खुली आहे. तिचे फोटो हल (बोटीचं धड), प्रोपेलर, सुकाणू यांच्या आकारासाठी जरूर वापरा. टॉवर मात्र उशिराच्या काळातला आहे आणि रंग संग्रहालयाचा, तेव्हा 1941 च्या बोटीसाठी त्या दोन गोष्टी तिथून उचलू नका. लाबोला जाणं प्रत्येकाला जमणार नाही. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर आयएनएस कुरसुरा आहे, सोव्हिएत फॉक्सट्रॉट वर्गातली. जात वेगळी असली तरी बाहेरच्या पातळ पत्र्यातून पाणी आत-बाहेर कसं होतं, ओळीने कापलेल्या भोकांच्या कडा कशा दिसतात, माणसाच्या तुलनेत टॉवर केवढा असतो, हे डोळ्यांनी बघितलं की हाताला आपोआप कळतं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. या बोटींवर सुमारे 40,000 माणसांनी काम केलं आणि त्यातली बहुसंख्य परतली नाहीत. त्यांनी बुडवलेल्या व्यापारी जहाजांवरही माणसंच होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर मेलेल्यांमध्ये हजारो भारतीय खलाशी होते, आणि कोकण-गोव्याची माणसं त्या जहाजांवर पिढ्यानपिढ्या राबत आलेली होती. हे मनात ठेवून बोट करावी. नाझी झेंडा लावायची तर मुळीच गरज नाही. गस्तीवर असताना पाणबुडीवर तो एरवी फडकतही नसे.

हत्यारं आणि साहित्य

फार खर्च करू नका. स्प्रूवरून (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) भाग कापायला निपर, चांगल्या पात्याचा कटर, 400 ते 1500 नंबरचे वॉटर पेपर, चिमटा, मास्किंग टेप, प्लास्टिक विरघळवणारा पातळ ग्लू, सुपरग्लू, पुट्टी, हाताने फिरवायचा पिन व्हाइस आणि 0.4 व 0.5 मिमीची ड्रिल बिट्स. हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील घेऊन ठेवा, ते स्टँडच्या कामाला येतं. एअरब्रश असेल तर काम सोपं होतं. नसेल तर वरचा आणि खालचा राखाडी स्प्रे कॅनने मारा आणि बाकीचं ब्रशने करा. वेदरिंग ब्रशचंच काम आहे, तिथे एअरब्रशवाल्याला फारसा फायदा नाही.

तैलरंगांच्या ट्यूब मात्र नक्की घ्या: बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, काळा, पांढरा, सॅप ग्रीन, यलो ओकर. परदेशी वेदरिंग संच आणवण्याची गरज नाही. दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनचे तैलरंग स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि या कामाला पुरून उरतात. थिनर मात्र चित्रकारांचा, कमी वासाचा घ्या. रंगकामाच्या दुकानातलं उग्र टर्पेंटाइन कधी कधी खालचा रंग उठवतं आणि प्लास्टिकलाही चरे पाडतं.

जोडणी

सगळे स्प्रू भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर त्यांवर राहिलेला असतो आणि नंतर रंग तिथेच सोलून निघतो.

आता पाणबुडीची खास गोष्ट. सात-सीच्या वरच्या भागात बाहेर दिसतो तो पत्रा पाण्याचा दाब झेलत नाही. दाब झेलणारं जाड नळकांडं आत असतं. बाहेरचा डेक आणि वरच्या बाजू म्हणजे पातळ पत्र्याचं आवरण, बुडी मारताना त्यात पाणी भरतं आणि वर येताना निथळतं. त्यासाठी दोन्ही बाजूंना भोकांच्या लांबच लांब रांगा असतात. या भोकांची मांडणी बांधणाऱ्या गोदीनुसार बदलत असे. म्हणून आपल्या बोटीचा फोटो शोधून किटमधली मांडणी तपासा. लहान स्केलच्या किटमध्ये ही भोकं बऱ्याचदा नुसते खळगे असतात आणि ती खरोखर उघडली तर मॉडेलचा कायापालट होतो.

एकेक भोक ड्रिलने पाडत बसू नका. हलचे दोन अर्धे सुटे असतानाच आतल्या बाजूने, बरोबर रांगेच्या मागे, खरखरीत सँडपेपरने प्लास्टिक घासून पातळ करत जा. उजेडासमोर धरून बघत राहा. प्लास्टिक पुरेसं पातळ झालं की खळगे आपोआप आरपार होतात, मग कटरच्या टोकाने कडा साफ करायच्या. ड्रिल फक्त हट्टी भोकांसाठी ठेवा. हे काम एका बैठकीत संपवायची घाई केली की प्लास्टिक फाटतं. दोन-तीन संध्याकाळी द्या. सगळी भोकं उघडली की आतून काळा रंग मारा आणि भोकांच्या मागे थोडं अंतर सोडून काळी रंगवलेली प्लास्टिकची पट्टी लावा. एका बाजूच्या भोकातून दुसऱ्या बाजूचा उजेड दिसला की बोट पोकळ वाटते. पट्टीने तो प्रश्न सुटतो आणि आत दाबाचं नळकांडं असल्याचा भासही होतो.

हल बंद करण्याआधी स्टँडचा विचार करा. तळात दोन ठिकाणी भोक पाडून आतून नट ठेवा आणि तो एम-सीलने घट्ट बसवा. नंतर खालून स्क्रू फिरवला की बोट स्टँडवर पक्की उभी राहते, आणि रंगवताना त्याच स्क्रूंना लाकडी पट्टी जोडून बोट हातात धरता येते. हल बंद झाल्यावर हे काम जमत नाही.

आता दोन अर्धे जोडा. लांब हल बहुधा किंचित वाकडं असतं. पुढच्या टोकापासून सुरुवात करा, पाच-सहा सेंटिमीटर जुळवा, टेप मारा, सांध्यावर पातळ ग्लूचा ब्रश टेकवा, तो आपण होऊन आत शिरतो. तेवढा भाग धरला की पुढे सरका. पूर्ण वाळायला एक रात्र द्या. वर जो प्लास्टिकचा उंचवटा उठतो तो पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने घासून काढा, खाचा राहिल्या तर पुट्टी भरा आणि पुन्हा घासा. सांधा गेला की नाही हे नुसत्या डोळ्याला कळत नाही. त्यावर राखाडी प्रायमरचा हात मारला की उरलेली प्रत्येक रेघ दिसते. नाकापाशी आणि तळाच्या कण्यापाशी जास्त वेळ द्या, बघणाऱ्याची नजर तिथेच जाते.

टॉवर, डेकची तोफ, प्रोपेलर, सुकाणू, आडवे पंख हे वेगळे जोडा आणि शक्य तितके वेगळेच रंगवा. कठड्याच्या रेलिंगला किटमधलं प्लास्टिक जाड वाटलं तर तांब्याची बारीक तार किंवा पितळी फोटोएच (रसायनाने कोरून काढलेले पातळ पत्र्याचे भाग) वापरा. धातूवर प्रायमर हवाच, नाहीतर रंग नखाने निघतो. पेरिस्कोपची वर-खाली सरकणारी नळी उघड्या धातूची ठेवा.

रंग

युद्धकाळातल्या जर्मन पाणबुड्या साधारणपणे वर फिकट राखाडी आणि खाली गडद राखाडी. वरच्या रंगासाठी हेलग्राऊ 50 किंवा श्लिकग्राऊ 58 ही जर्मन रंगांची नावं वाचायला मिळतील. खालच्यासाठी आरएएल या जर्मन रंगयादीतल्या 7016 च्या जवळपासचा गडद राखाडी घ्या. बाटलीतला रंग जसाच्या तसा मारू नका. लहान मॉडेलवर रंग खऱ्यापेक्षा गडद वाटतो, म्हणून 1:144 ला वरच्या राखाडीत थोडा पांढरा मिसळा. गडद राखाडीलाही थोडा उजाळा द्या, नाहीतर सगळा तळ काळा दिसेल आणि तिथलं काही उठणार नाही.

क्रम असा: प्रायमर, मग खालचा गडद राखाडी, मग जलरेषेवर मास्किंग, मग वरचा फिकट. जलरेषा आखायला बोट सपाट टेबलावर स्टँडवर सरळ उभी करा, एका लाकडी ठोकळ्यावर योग्य उंचीला पेन्सिल टेपने बांधा आणि ठोकळा टेबलावरून सरकवत बोटीभोवती फिरवा. रेघ सगळीकडे सारख्या उंचीवर येते. टेप अरुंद पट्ट्यांत कापून लावा, रुंद टेप वळणावर सुरकुततो.

एअरब्रशसाठी रंग दुधाइतका पातळ करा आणि एका जाड थराऐवजी तीन-चार पातळ थर द्या. वरच्या राखाडीचे शेवटचे थर थोडे अजून पांढरे करून पत्र्याच्या मधल्या भागात मारले तर सपाटपणा मोडतो. पातळ आवरणाचा पत्रा लाटांच्या माऱ्याने आतल्या फासळ्यांमध्ये किंचित दबलेला असे, तो भास या हलक्या छटांनी येतो.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात काम करत असाल तर जपा. हवा दमट असताना लॅकर आणि मॅट वार्निश मारलं की त्यावर पांढुरकी धुरकट पापुद्री येते. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावा, कॅन मारायचा असेल तर कोरडी दुपार बघा. वार्निशचा हात घाईने देण्यापेक्षा चार दिवस थांबणं परवडतं. खिडकी उघडी आणि तोंडाला चांगला मास्क, हे बाराही महिने.

डेकचा रंग सगळ्यात जास्त चुकतो. लाकूड म्हटलं की हात तपकिरीकडे जातो. या बोटींच्या डेकच्या फळ्यांना गडद रंगाचा संरक्षक लेप असे आणि त्या जवळजवळ काळ्या दिसत. काळपट राखाडीचा थर द्या, मग बारीक ब्रशने काही फळ्या एक छटा फिकट, काही एक छटा थंड करा. शेवटी कोरड्या ब्रशने राखाडीचा अगदी हलका हात, तोही फक्त जिथे माणसं चालतात तिथे: टॉवरच्या दोन्ही बाजूंना, तोफेभोवती, डेकवरच्या झाकणांजवळ. तिथे लाकूड उघडं पडून करडं होतं. बाकीचा डेक काळाच राहू द्या.

यानंतर चमकदार क्लिअर कोट, त्यावर डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं). करवतमासा टॉवरच्या वळणावर बसवायचा असेल तर डिकल मऊ करणारं द्रावण वापरा. डिकल वाळल्यावर पुन्हा एक क्लिअर कोट.

वेदरिंग

वेदरिंग करताना प्रत्येक डागाला कारण हवं. पाणबुडीवर कारणं मोजकीच आहेत: खारं पाणी, डिझेल, धूर आणि पाय. हातात ब्रश घेतला की आधी विचारा, इथे यातलं काय पोहोचतं? उत्तर नसेल तर ब्रश खाली ठेवा. माप विसरू नका. 1:144 मध्ये मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या बोटीवरचे 14 सेंटिमीटर. ब्रशच्या टोकाने टेकवलेला गंजाचा ठिपका हातभर मोठा असू शकतो.

पहिलं काम वॉश. बर्न्ट अंबर आणि काळा मिसळून थिनरमध्ये अगदी पातळ करा आणि भोकांच्या कडा, पत्र्यांचे सांधे, झाकणांच्या भोवती ब्रशचं टोक टेकवा. चमकदार पृष्ठभागावर तो स्वतःच रेघेतून धावतो. अर्ध्या तासाने थिनरने ओलसर ब्रशने जास्तीचा पुसून घ्या. नंतर पातळ मॅट कोट द्या, कारण पुढचे तैलरंग मॅटवर जास्त चांगले पकडतात.

दुसरं, उडालेला रंग. बाहेरच्या पातळ पत्र्याच्या कडा, भोकांच्या ओठांचे खालचे भाग, नाक, डेकची किनार, नांगराजवळची जागा, इथे रंग सर्वात आधी जातो. स्पंजचा छोटा तुकडा चिमट्यात धरा, गडद तपकिरीत बुडवा, कागदावर टिपून जवळपास कोरडा करा आणि कडांवर हलकेच टेकवा. थोडं धाडस असेल तर केसांच्या स्प्रेची पद्धत करून बघा: गंजाच्या तपकिरी थरावर हेअरस्प्रेचे दोन हात, त्यावर पाण्यातला ॲक्रिलिक राखाडी, आणि अर्ध्या तासात कोमट पाण्याने भिजवून ताठ ब्रशने घासायचं. रंग खऱ्यासारखा सोलतो. मात्र ही पद्धत करायची तर ती राखाडी मारतानाच, आधी ठरवून करावी लागते. संपूर्ण बोटीवर न करता पुढच्या तिसऱ्या भागापुरती ठेवली तरी छान दिसते.

तिसरं, गंजाच्या धारा, आणि यात सगळ्यात जास्त वेळ घालवा. बोट वर आली की आवरणातलं पाणी भोकांतून बाहेर पडतं, येताना आतला गंज घेऊन येतं. म्हणून धारा भोकांच्या खालून सुरू होतात आणि खाली जलरेषेकडे जातात. तैलरंग थेट ट्यूबमधून न वापरता आधी पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवा, पुठ्ठा तेल शोषून घेतो आणि रंग मॅट वाळतो. मग बारीक ब्रशने भोकाखाली बर्न्ट सिएनाचा सूक्ष्म ठिपका, आणि थिनरमध्ये बुडवून जवळपास पुसलेल्या चपट्या ब्रशने तो एका हाताने खाली ओढायचा. ब्रश प्रत्येक ओढीनंतर पुसा. धार वर गडद आणि खाली विरत गेली पाहिजे.

ताजा गंज नारिंगी, जुना गडद तपकिरी. दोन्ही हवेत, पण नारिंगी अगदी थोडा, फक्त धारेच्या उगमाजवळ. सगळ्या भोकांखाली सारखीच धार काढली तर ती नक्षी होते. काही भोकं कोरडी सोडा, कुठे दोन-तीन धारा एकत्र येऊ द्या, कुठे एखादी लांब. बाजूंच्या फुगीर टाक्यांवर पाणी वळणाबरोबर वळतं, तिथे धार सरळ रेषेत न ओढता पृष्ठभागाच्या उताराबरोबर ओढा. चूक झाली तर घाबरू नका, तैलरंग दुसऱ्या दिवशीपर्यंत थिनरने पुसता येतो.

जलरेषेखाली मात्र हे चालत नाही. समुद्रात असलेल्या बोटीच्या पाण्याखालच्या भागावर पाणी वरून खाली वाहत नाही, बोटीच्या चालीबरोबर पुढून मागे सरकतं. तिथे उभ्या गंजधारा काढू नका. गडद राखाडीवर यलो ओकर आणि रॉ अंबरचे फार पातळ, आडवे, लांबट डाग द्या. जलरेषेवर शेवाळाची किनार येते: सॅप ग्रीनमध्ये रॉ अंबर आणि किंचित काळा, एक ते दोन मिलिमीटर रुंद, काठ वेडेवाकडे. हिरवा कच्चा दिसता कामा नये.

चौथं, मीठ. वर आल्यावर वाऱ्याने पाणी उडतं आणि मीठ राहतं. ते टॉवरच्या बाजूंवर, भोकांखाली, गंजाच्या धारांच्या कडेला दिसतं. पांढऱ्या तैलरंगात ओकरचा थेंब टाकून थिनरमध्ये इतका पातळ करा की ओला असताना दिसणारच नाही. वाळल्यावर दिसेल. इथे हात आवरणं फार गरजेचं आहे, कारण जास्त झाल्याचं उशिरा कळतं. एक हात द्या, रात्रभर थांबा, मग हवा असेल तर दुसरा.

डिझेलच्या इंजिनांचा धूर डेकच्या मागच्या भागात, दोन्ही बाजूंच्या निकासातून जातो. त्याभोवती काळपट राखाडी पिगमेंट पावडर कोरड्या ब्रशने चोळा, बोटीच्या शेपटीकडे विरत जाणारी. पिगमेंट नसेल तर काळ्या सॉफ्ट पेस्टलचा खडू घासून केलेली पूड चालते. शिडीच्या पायऱ्या, कठड्याची वरची नळी, झाकणांचे काठ इथे हात आणि बूट लागून धातू उघडा होतो, तिथे मऊ पेन्सिलचं शिसं बोटाने चोळा.

सगळं झालं की शेवटचा मॅट कोट. त्यानंतरच तेलाचे ओले डाग द्या, कारण मॅट कोट त्यांची चमक मारून टाकतो. टाक्यांच्या वरच्या भागात एखाद-दोन ठिकाणी, तोफेच्या बुडाशी ग्रीसचा छोटा डाग, बस. रॉ अंबरमध्ये थोडं चमकदार वार्निश मिसळलं की काम होतं.

तारा आणि शेवटची जोडणी

टॉवरवरून नाकाकडे आणि शेपटीकडे जाणाऱ्या तारा अगदी शेवटी लावा. त्या अँटेनाचंही काम करत, म्हणून त्यांवर इन्सुलेटर असत. 1:144 ला मोज्यात असते तशी लवचिक लायक्राची बारीक तार उत्तम. हाताचा धक्का लागला तरी ती तुटत नाही, परत ताणली जाते. सुपरग्लूने आधी टॉवरकडचं टोक, ते पूर्ण धरलं की किंचित ताणून नाकाकडचं. इन्सुलेटरसाठी पांढऱ्या फेविकॉलचे ठिपके तारेवर द्या आणि वाळल्यावर गडद रंगवा. नांगर, कठड्याची तोफ, पेरिस्कोप हे नाजूक भाग तारांच्या आधी बसवा.

तळातल्या नटांमध्ये स्क्रू फिरवून बोट स्टँडवर चढवा आणि लगेच ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवा. तारांवर बसलेली धूळ ब्रशने झटकताना तारा जातात, आणि मॅट रंगावरची धूळ ओल्या फडक्याने पुसली तर पिगमेंट निघतो. पेटी खिडकीसमोर ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात पातळ प्लास्टिकचं लांब हल हळूहळू वाकतं आणि पांढरी डिकल पिवळी पडतात.